मातीच्या नवरीचा बाप

आमच्या भिलाईच्या कॉलेजातले ड्रॉइंगचे मास्तर खायचा कुठलाही पदार्थ आधी मधोमध कापून बघत आणि मगच तोंडात घालत. सामोसा, आंबा, उकडलेलं अंडं, काहीही असो. शर्टाच्या खिशात पेन्सिलीला टोक काढायचा चाकू असे. त्यानं ते पदार्थाचे दोन भाग करत, कापलेली बाजू चष्म्याजवळ नेत आणि समाधान झालं की मान हलवत. "सेक्शन काढल्याबिगर काहीच समजत नाही, बाई," असं मला सांगत. मी तिथल्या लायब्ररीत होते, म्हणून मी बाई.

एकदा मी त्यांना दुर्गला आमच्या घरी जेवायला नेलं. माझे वडील रेल्वेत गार्ड, आमचं क्वार्टर स्टेशनला लागूनच. आई तुमसरची आणि मास्तर भंडाऱ्याकडचे, म्हणून आईनं हौसेनं पुरणपोळ्या केल्या होत्या, आमच्याकडच्या, पुरणानं टम्म फुगलेल्या. मास्तरांनी चाकू काढला, पोळी मधोमध कापली, उभी धरली आणि पुरणाचा थर डावीकडे कमी पडलाय हे आईला नीट दाखवून दिलं. आईनं मला आत बोलावलं. "काय व, हा मानूस जेवाले आला का आपरेशन कराले?" मास्तर तेव्हा दुसरी पोळी कापत होते. सातव्या पोळीला आईनं त्यांना माफ केलं.

उंच, वाळके, डोक्यावर कायम ओला पंचा. खांद्यावर ड्रॉइंगची लाकडी टी-पट्टी, बंदुकीसारखी. ती पट्टी ते कुत्री हाकलायला, झाडावरची कैरी पाडायला आणि वर्गात झोपलेल्या पोराला हलवायला वापरत. कधीकधी रेघ मारायलाही. मद्रासी असो की सरदारजी, सगळ्यांशी मराठीतच बोलत आणि समोरच्याला कळलं असंच धरून चालत. गाव त्यांनी का सोडलं, याचं कारण मला वडिलांनी खोदून खोदून विचारून काढून दिलं. घराच्या दर्शनी भिंतीतली एक खिडकी हातभर उजवीकडे सरकवावी, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतील, असं मास्तरांचं म्हणणं होतं. भावानं खिडकी हलवली नाही. मास्तर हलले. पुन्हा म्हणून भंडाऱ्याकडे फिरकले नाहीत.

तेव्हाचं भिलाई म्हणजे गाव नव्हतं, आकड्यांची यादी होती. सेक्टर अमुक, सडक तमुक, क्वार्टर नंबर इतका. कारखान्याच्या एकीमागून एक भट्ट्या उभ्या राहत होत्या, लाल धूळ सगळ्यांच्या कपड्यांवर जातपात न बघता बसत होती. कॉलेज बांधकामवाल्यांनी सोडून दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचं. उन्हाळा लागला की ज्यांना गाव होतं ते रेल्वेत बसून गावी जात, ज्यांना रजा मिळत नसे ते ओल्या चादरीखाली पडून राहत आणि संध्याकाळी एकमेकांना विचारत, आज काय केलं? कोणीच काही केलेलं नसे.

मास्तरांना हे बघवत नसे. "ऊन बसल्याले लागते. चालत्याले नाही लागत," हा त्यांचा सिद्धांत. त्यासाठी दर उन्हाळ्यात ते सहल काढत, आणि ती पायी, आणि ती भर उन्हात. एका वर्षी आम्हाला शिवनाथ नदीवर नेलं. नदीत पाणी नव्हतं. मास्तरांना त्याचं काहीच वाटलं नाही. उलट नदीचा तळ बघायला मिळतो म्हणून ते खूश झाले आणि भूगोलाच्या मास्तरांना भोवळ येईपर्यंत वाळूवर फिरत राहिले.

पुढच्या वर्षी उतईकडच्या आमराईत जायचं ठरलं. गावी न गेलेले वीस-पंचवीस विद्यार्थी, मास्तर आणि मी. मी कशाला, तर मुलांबरोबर तीन मुली होत्या आणि प्रिन्सिपॉलसाहेबांना सोबत एक बाई हवी होती. पोहोचलो तेव्हा कळलं, झाडांवरचा सगळा आंबा आधीच विकला गेलाय, एका कैरीलाही हात लावायचा नाही. राखणदार म्हातारा काठी घेऊन उभाच होता. पोरं मास्तरांकडे रागानं बघायला लागली. तेवढ्यात पलीकडच्या झाडाखालून सात-आठ वर्षांची एक पोरगी धावत आली आणि कमरेवर हात ठेवून तिनं विचारलं, "तुमन बरतिया हव का?"

अक्तीचा दिवस होता. म्हणजे आपली अक्षय तृतीया. छत्तीसगडात त्या दिवशी लहान पोरी मातीच्या बाहुला-बाहुलीचं लग्न लावतात, अगदी मांडव घालून, हळद लावून. झाडाखाली पानांचा मांडव होता. नवरानवरी पिवळी होऊन बसली होती आणि वरात काही केल्या येत नव्हती, कारण वरात व्हायला कबूल झालेली पोरं तळ्यावर पळाली होती.

"हो जी, बरातीच आहोत," मास्तर म्हणाले. पोरीनं त्यांना उशीर केल्याबद्दल झापलं. मग आम्ही सगळे, मोठमोठे मिशा फुटलेले पोरगे, रांगेनं वाजतगाजत मांडवात गेलो. पोरींनी पळसाच्या पानावर चिमूटभर गूळ आणि भिजवलेली चण्याची डाळ वाढली. मास्तरांनी तो गूळसुद्धा कापून बघितला. मग पोरी म्हणाल्या, आता आहेर द्या. मास्तरांनी खिशातली परदेशी पेन्सिल, जिला ते कोणाला हात लावू देत नसत, नवरीच्या मांडीवर ठेवली. राखणदारानं पडीचे आंबे टोपलीभर आणून दिले. वरातीला उपाशी कोण पाठवतं?

परतीच्या वाटेवर नाका आल्यावर मास्तर एकदम थांबले.

"बाई, या गावात इतके वर्षं झाले लोक राहून राहिले. इथं एकाचं तरी लगन लागलं का, सांगा."

मी आठवून पाहिलं. खरंच, कोणाचंच नाही. सगळे आपापल्या गावी जाऊन लग्न करत आणि बायको घेऊन परत येत.

"जिथं मांडव नाही पडला ते गाव नाही. तो कॅम्प आहे," ते म्हणाले. "आपन मांडव टाकू."

कोणाचा, विचारलं तर म्हणाले, बाहुलीचा. सुरुवात लहानापासून करायची. मी म्हटलं, सर, तुमचंच का नाही लावत? त्यांनी माझ्याकडे टी-पट्टी रोखली. "नवरदेव व्हाचं वय गेलं माझं. मी नवरीचा बाप होतो."

मला वाटलं, उन्हाचा परिणाम असेल, पावसाळ्यात उतरेल. नाही उतरला. पुढची अक्ती दीड महिन्यावर आली तेव्हा मास्तरांनी स्वतःच्या हातानं वीतभर उंचीची नवरी घडवली, भाजली, रंगवली. मांडवाचे नकाशे काढले, खांबाच्या खड्ड्यासकट. आणि एका रविवारी मला म्हणाले, चला, सोयरिक घेऊन जायचंय, बाईमानूस सोबत पाहिजे.

सोयरिक घेऊन ते गेले थेट मोठ्या बंगल्यावर. तिथले साहेब उत्तरेकडचे, कारखान्यात फार वरचे. कॉलेजच्या कमिटीवरही तेच. मास्तरांची नोकरी टेम्पररी. दर तीस जूनला ती संपे आणि साहेबांची सही झाली की जुलैत पुन्हा सुरू होई. एवढ्या माणसाच्या दारात मातीच्या पोरीचं स्थळ घेऊन जायचं म्हणजे काय, हे मी त्यांना फाटकापर्यंत समजावत होते. साहेब घरी नव्हते. त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. चाळिशीच्या, रेशमी साडी, चेहऱ्यावर दुपारभर झोपूनही न गेलेला थकवा. मुलं दूर शाळेत होती.

मास्तरांनी टेबलावर कागद पसरला. नवरीचं चित्र समोरून, वरून आणि बाजूनं. "काही लपवलं नाही जी," असं म्हणून त्यांनी दुसरा कागद काढला. त्यावर मागून.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, नाक थोडं बसकं वाटतं. मास्तर चिडले, नाक बरोबर आहे, बघणाऱ्यानं बाजूची आकृती समोरच्या आकृतीबरोबर ताडून बघावी. मी डोळे मिटले. पण बाई आता खुर्चीत सावरून बसल्या होत्या.

"लड़की के पिता क्या करते हैं?" त्यांनी विचारलं.

"मी टेम्पररी जी."

बाईंनी जरा विचार केला. "लड़का भी अभी ट्रेनिंग में है," त्या म्हणाल्या आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की आतून खानसामा काय झालं ते बघायला आला.

सोयरिक जमली, मातीचा नवरदेव बाई करवून घेणार होत्या. साहेबांना कोणी सांगितलंच नाही. त्याच सुमारास आमच्या प्रिन्सिपॉलसाहेबांना कार्यक्रमाची कुणकुण लागली आणि त्यांनी परस्पर साहेबांनाच प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. अक्तीच्या संध्याकाळी कॉलेजमागच्या मैदानात एकीकडे मास्तरांचा मांडव आणि दुसरीकडे प्रिन्सिपॉलसाहेबांचं स्टेज, त्यावर उंच पाठीची खुर्ची आणि माइक. मास्तरांनी ते पाहिलं, चार पोरांना हाक मारली आणि स्टेज उचलून मांडवामागे स्वयंपाकाला दिलं. "वराचा बाप भाषन नाही करत. तो रुसते," एवढंच म्हणाले.

साहेबांना निरोप गेला की त्यांनी वरातीबरोबर बंगल्यापासून पायी यावं. ते आले, पण गाडीतून. पुढे एका पंजाबी ड्रायव्हरचा ढोल, मागे हातात नवरदेव घेऊन चाललेल्या त्यांच्या पत्नी, भोवती सगळ्या बंगल्यांतल्या बाया, आणि सगळ्यात मागे पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत येणारी गाडी, आत तांबडे झालेले साहेब.

त्या संध्याकाळी जे झालं ते मी आजवर दुसरीकडे पाहिलं नाही. दाराशी तेलुगू बायांनी रांगोळी घातली होती. बंगाली बायांनी जीभ नाचवत त्यांच्याकडचा शुभकार्याचा उलूध्वनी केला. आमच्या नागपूरकडच्या बायांनी विहिणीला शिव्यांची गाणी म्हटली आणि साहेबांच्या पत्नीला ती शब्दही न कळता नेमकी लागली. त्या रुसल्या. खऱ्याखुऱ्या. मांडवाबाहेर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, आमच्या मुलाला साध्या सतरंजीवर बसवलं. मास्तरांनी डोक्यावरचा पंचा काढून त्यांच्या पायाशी ठेवला तेव्हा कुठे उठल्या. मंगलाष्टकं माझ्या वडिलांनी म्हटली आणि शेवटच्या सावधानला सवयीनं गार्डाची शिट्टी फुंकली. अक्षता पडल्या. कारखाना उभारायला आलेल्या एका रशियन इंजिनियरनं त्या आदरानं खाल्ल्या.

मग पाठवणी. आता साहेबांना गाडीतून उतरावंच लागलं, कारण सून सासऱ्याच्या हाती द्यायची होती. मास्तर नवरीला तळहातावर घेऊन आले. आमची पोरं मागे खिदळत होती. मास्तरांनी बाहुली साहेबांच्या हातावर ठेवली. "सांभाळा जी. इले माझ्याशिवाय कोनी नाही," असं म्हणाले आणि साहेबांच्या पांढऱ्या बुशशर्टावर डोकं टेकून हमसाहमशी रडायला लागले.

आधी सगळ्यांना वाटलं, नाटक आहे. पोरं मोठ्यानं हसली. साहेब एका हातात मातीची बाहुली आणि खांद्यावर हळदीनं माखलेला मास्तर अशा अवस्थेत अख्ख्या वसाहतीसमोर उभे होते. मग एक तेलुगू बाई रडायला लागली. मग बंगालीण. मग एकेक करत सगळ्याच. त्यांतली प्रत्येक जण कुठल्या तरी दूरच्या अंगणातून अशीच निघून इथे आकड्यांच्या गावात आली होती आणि त्यावर रडायची संधी तिला इतक्या वर्षांत मिळाली नव्हती. मी लग्न न झालेली, मीही रडले. कारण विचारू नका.

सोमवारी मेमो आला. पाहुण्यांचा अपमान केला, स्टेज उचललं, लायब्ररीच्या सतरंज्या परवानगीशिवाय नेल्या. सतरंज्या माझ्या सहीनं गेल्या होत्या, म्हणून मलाही बोलावलं. मेमोवर साहेबांची सही होती. तीस जून काही लांब नव्हता, आणि यंदा जुलै येणार नाही, हे शिपायालाही कळलं होतं.

उत्तर मी टाइप केलं. मास्तर सांगत होते, मी बोटं चालवत होते. मी म्हटलं, सर, दिलगिरीचं एक वाक्य घालू. ते म्हणाले, "कावून? माझी पोरगी गेली. मी रडलो. यात माफी कोनती?" घालू दिलं नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. त्यांना ना बायको ना पोर, माझी मात्र नोकरी जाणार होती, आणि ती गेली की वडील मला वर्षाच्या आत उजवून टाकणार होते. तसं मी बोललेही. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्यावरचा ठपका आपल्यावर घेणारं वाक्य त्यांनी सांगितलं, सतरंज्या लायब्ररीच्या बाईंना न विचारता मी उचलल्या म्हणून. ते साफ खोटं होतं. मी टाइप केलं.

गुरुवारी चौकशी. टेबलामागे साहेब आणि प्रिन्सिपॉलसाहेब, अलीकडे आम्ही दोघं उभे. प्रिन्सिपॉलसाहेबांनी उत्तर वाचलं आणि विचारलं, तुम्ही शुद्धीवर आहात का? मास्तर म्हणाले, आहे. तेवढ्यात दार उघडलं. साहेबांच्या पत्नी आत आल्या, मागे खानसामा, त्याच्या हातात झाकलेलं ताट. ताटात नारळ, मिठाई आणि मधोमध ती नवरी, नव्या जरीच्या साडीत. लग्नानंतर मुलीला पहिल्यांदा माहेरी आणतात, तशी बाई सुनेला माहेरी घेऊन आल्या होत्या. मास्तर घरी सापडले नाहीत म्हणून विचारत विचारत इथे पोहोचल्या होत्या.

त्यांनी टेबलावरची फाइल बघितली. नवऱ्याची सही बघितली. आवाज चढवला नाही.

"समधी को मेमो कौन देता है जी?"

व्याह्यालाच मेमो! प्रिन्सिपॉलसाहेबांनी हातातलं उत्तर फाइलीत घातलं. मास्तरांना मात्र चौकशीचा केव्हाच विसर पडला होता. विहीणबाई दारात उभ्या आहेत आणि कोणी पाणी विचारत नाही, याचीच त्यांना लाज वाटत होती. ते प्रिन्सिपॉलसाहेबांच्या पुढ्यातला ग्लास उचलून धावले. साहेबांनी त्यांच्याकडे, मग ताटातल्या सुनेकडे पाहिलं, फाइल मिटली आणि पुढची तारीख कळवू, असं म्हणून निघून गेले.

तारीख काही कळवली नाही. जुलैत मास्तर पुन्हा वर्गात होते, पुन्हा टेम्पररी, आणि मी लायब्ररीत.

त्यानंतर दर अक्तीला साहेबांची गाडी मैदानाच्या फाटकाशी येऊन थांबे. बाई सुनेला घेऊन उतरत, माहेरपण करत. साहेब गाडीतच बसून राहत, काच लावून, त्या उकाड्यात. मास्तरांशी ते एक शब्द बोलले नाहीत, ना सणाला ना कमिटीत. तिसऱ्या वर्षी त्याच मैदानात एका फिटरच्या मुलीचं लग्न लागलं, हाडामांसाच्या. मग मांडव पडतच राहिले. माझाही तिथेच पडला, वडिलांनी नागपूरचा आग्रह धरला असूनही. पण ती गोष्ट वेगळी.

बिहारात नवा कारखाना उभा राहायला लागला तेव्हा मास्तरांनी तिकडे अर्ज केला. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, तिथं नुसते तंबू आहेत म्हणतात. दुर्ग स्टेशनवर दुपारच्या गाडीला पोचवायला मी, माझे वडील आणि दोन जुने विद्यार्थी होतो. एक ट्रंक, एक वळकटी, एक टी-पट्टी. गाडी यायला दहा मिनिटं असताना प्लॅटफॉर्मवर साहेब आणि त्यांच्या पत्नी दिसले. बाईंच्या हातात वाटेसाठी पुऱ्यांचा डबा होता. तो त्यांनी मास्तरांना दिला, डोळ्यांना पदर लावला आणि बाजूला झाल्या.

साहेब पुढे आले. मास्तर ट्रंकेवरून उठून उभे राहिले. दोघंही माझ्यापासून हातभर अंतरावर होते, म्हणून ऐकू आलं. साहेबांनी घसा साफ केला आणि नजर रुळांवर ठेवून ते म्हणाले, "बेटी की चिंता मत कीजिए।"

मास्तरांनी हात जोडले. वीतभर मातीची बाहुली होती हो ती. पण आमच्यापैकी कोणालाच हसू आलं नाही.